मायलोमा उलटल्यावर एकत्रित औषधांच्या ट्रायलचा विचार करताना

मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतील, प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग आहे आणि तो बहुतेकांमध्ये पुन्हा उलटतो, हे निदानाच्या वेळीच सांगितले जाते. पण ते खऱ्या अर्थाने कानावर पडते ते आजार उलटल्यावरच. रक्तातील एम प्रथिन, म्हणजे या कर्करोगाच्या पेशी बनवतात ते असामान्य प्रथिन, महिनोन्‌महिने खाली राहून पुन्हा चढू लागते, डॉक्टर नव्या उपचारांविषयी बोलू लागतात आणि त्याच भेटीत कधीकधी विचारणा होते की एक ट्रायल, म्हणजे औषधांची रुग्णांवरील चाचणी, सुरू आहे, तिच्यात नेहमीच्या दोन औषधांना तिसरे जोडून दिले जात आहे, आपण सहभागी व्हाल का? सोबत बरीच पाने असलेले संमतीपत्र हातात येते. त्या संमतीपत्रासमोर पहिल्यांदाच बसलेल्या रुग्णासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. ट्रायलमध्ये जावे की नाही हा निर्णय रुग्णाने आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यायचा आहे. त्या बोलण्यापूर्वी काय तयार ठेवावे, काय वाचावे आणि कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत, एवढेच येथे मांडले आहे. त्या सगळ्या प्रश्नांत एक प्रश्न मला इतरांपेक्षा फार मोठा वाटतो, तो म्हणजे हे औषध कशाच्या तुलनेत तपासले जात आहे. त्याच्याकडे चौथ्या पायरीवर सविस्तर वळू.

पहिली पायरी : स्वतःच्या आजाराचा एक कागद तयार करणे

ट्रायलची माहिती वाचण्याआधी स्वतःच्या उपचारांची माहिती एका कागदावर उतरवावी. निदान कधी झाले, पहिल्या उपचारात कोणती औषधे होती, ती किती महिने चालली, स्वतःच्या मूळ पेशींचे प्रत्यारोपण झाले का, त्यानंतर लेनालिडोमाइडसारखी देखभालीची गोळी चालू होती का आणि आजार उलटला तेव्हा कोणते औषध सुरू होते, एवढे त्यात आले पाहिजे. यातला शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असतो. मायलोमाच्या परिभाषेत ‘आजार उलटला’ आणि ‘आजाराने औषधाला दाद दिली नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादे औषध चालू असताना किंवा त्याची शेवटची मात्रा घेतल्यापासून ६० दिवसांच्या आत आजार वाढला, तर तो त्या औषधाला दाद न देणारा समजला जातो. औषध थांबवून वर्षभराने आजार परतला, तर ते औषध पुन्हा उपयोगी पडण्याची शक्यता उरते. बहुतेक ट्रायलची दारे याच भेदावर उघडतात किंवा बंद होतात.

त्याच कागदावर उपचारांच्या ‘ओळी’, म्हणजे एकामागून एक घेतलेल्या उपचारांच्या फेऱ्या, मोजून लिहाव्यात. सुरुवातीची औषधे, त्यानंतरचे प्रत्यारोपण आणि मग देखभालीची गोळी हे सगळे आधीच ठरलेल्या योजनेप्रमाणे झाले असेल, तर ती मिळून एकच ओळ धरतात. अनेक कुटुंबे ती तीन मोजतात आणि मग ‘एक किंवा दोन ओळी झालेले रुग्ण’ अशी अट वाचून विनाकारण निराश होतात. गुणसूत्रांच्या तपासणीचा अहवालही जवळ असावा, कारण १७व्या गुणसूत्राचा तुकडा गळणे किंवा ११व्या आणि १४व्या गुणसूत्रांत अदलाबदल होणे अशा बदलांवर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

दुसरी पायरी : औषधे एकत्र का देतात हे समजून घेणे

एकाच औषधाने काम का भागत नाही, हा प्रश्न जुना आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइख यांनी लहान मुलांच्या तीव्र ल्युकेमियासाठी चार औषधे एकत्र दिली. एकेकट्या औषधाने आजार काही काळ दबत असे आणि परतत असे. वेगवेगळ्या रीतीने काम करणारी औषधे एकाच वेळी दिल्यावर तो दीर्घकाळ दबून राहू लागला. त्यामागचा विचार असा की कर्करोगाच्या सगळ्या पेशी एकसारख्या नसतात. एका औषधातून निसटणारी पेशी दुसऱ्या औषधाच्या तावडीत सापडू शकते.

मायलोमात हा विचार विशेष लागू पडतो. बोर्टेझोमिब पेशीतील टाकाऊ प्रथिनांची विल्हेवाट लावणारी यंत्रणा बंद पाडते, आणि प्लाझ्मा पेशी मुळातच प्रचंड प्रमाणात प्रथिने बनवत असल्यामुळे ती यंत्रणा बंद पडताच गुदमरतात. लेनालिडोमाइड आणि पोमॅलिडोमाइड या पेशींना जगण्यासाठी लागणारी काही नियंत्रक प्रथिने नष्ट करवतात आणि प्रतिकारशक्तीलाही चालना देतात. डॅराट्युमुमॅब हे प्रतिपिंड पेशीच्या पृष्ठभागावरील सीडी ३८ या खुणेला चिकटते आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला तिच्यावर सोडते. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड जवळजवळ प्रत्येक जोडणीत असते.

‘औषधे एकमेकांना बळ देतात’ हे वाक्य संमतीपत्रात हमखास आढळते, आणि त्याचा अर्थ एका साध्या हिशेबाने कळतो. समजा प्रयोगशाळेत पहिले औषध शंभरातील ४० पेशी मारते आणि दुसरे ५० मारते. दोन्ही औषधे एकमेकांशी कसलाही संबंध न ठेवता काम करत असतील, तर पहिल्याने ४० मारल्यावर उरलेल्या ६०पैकी निम्म्या, म्हणजे ३०, दुसरे मारील आणि एकूण आकडा ७० होईल. प्रत्यक्षात ७०पेक्षा बऱ्याच जास्त पेशी मेल्या तरच एका औषधाने दुसऱ्याचे बळ वाढवले असे म्हणता येते. परीक्षानळीतील हा हिशेब माणसात जसाच्या तसा उतरत नाही. कित्येकदा जोडणीचा फायदा अशासाठी दिसतो की काही रुग्ण एका औषधाला दाद देतात आणि काही दुसऱ्याला, आणि कोण कशाला देणार हे आधी ठाऊक नसते. रुग्णाच्या दृष्टीने हा फायदाही खराच आहे, मात्र त्यासाठी सगळी औषधे एकाच वेळी देणे दर वेळी आवश्यक असतेच असे नाही.

तिसरी पायरी : ट्रायलचा टप्पा ओळखणे

पहिल्या टप्प्यात मात्रा आणि सुरक्षितता शोधली जाते. जोडणीच्या ट्रायलमध्ये साधारणपणे जुन्या औषधांची मात्रा कायम ठेवतात आणि नव्याची कमी मात्रेपासून वाढवत नेतात. यासाठीची सर्वांत जुनी पद्धत अशी : तीन रुग्णांना एक मात्रा देतात, ठरलेल्या काळात, बहुधा पहिल्या आवर्तनात (औषधे देण्याच्या पहिल्या चक्रात), कोणालाही गंभीर त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना वरची मात्रा मिळते, तिघांपैकी एकाला झाला तर त्याच मात्रेवर आणखी तिघे घेतात, दोघांना झाला तर तेथेच थांबतात. म्हणून पहिल्या टप्प्याविषयी विचारणा झाली तर आपण कोणत्या मात्रेच्या गटात येणार आणि आपल्या आधीच्या गटाचे काय झाले, हे थेट विचारावे. हे विचारणे उद्धटपणाचे नाही. तो रुग्णाचा हक्क आहे, आणि चांगला संशोधक या प्रश्नाने खूश होतो.

दुसऱ्या टप्प्यात काही डझन ते शंभर-दोनशे रुग्णांत किती जण दाद देतात हे पाहतात. तिसऱ्या टप्प्यात नवी जोडणी आणि प्रचलित उपचार यांची समोरासमोर तुलना होते आणि कोणाला काय मिळणार हे संगणक चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवतो. डॉक्टर ते ठरवत नाहीत आणि ओळखपाळख त्यात चालत नाही. कोणत्या गटात गेलो याचे समाधान किंवा दुःख पुढे होतेच, म्हणून दोन्ही गटांचा उपचार स्वीकारण्याची तयारी असेल तरच या टप्प्याला होकार द्यावा.

चौथी पायरी : कशाच्या तुलनेत?

लेखाचा गाभा येथे आहे, म्हणून या पायरीवर जरा थांबू.

जोडणीच्या ट्रायलचा प्रश्न ‘ही औषधे चालतात का’ असा वरवर दिसतो. तिचा खरा प्रश्न असा असतो की तिसरे औषध जोडल्यामुळे, दोन औषधांनी जे मिळालेच असते त्यावर किती भर पडली. त्यामुळे तुलनेच्या गटाला काय दिले जाते हे वाचल्याशिवाय नव्या औषधाविषयीचा कोणताही आकडा वाचण्यात अर्थ नाही.

कॅस्टर ही ट्रायल उदाहरण म्हणून घेऊ. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मायलोमा उलटलेल्या ४९८ रुग्णांपैकी एका गटाला बोर्टेझोमिब आणि डेक्सामेथासोन मिळाले, तर दुसऱ्याला त्यांच्या जोडीला डॅराट्युमुमॅब. वर्षाच्या अखेरीस आजार न वाढता जिवंत असलेल्यांचे प्रमाण दोन औषधांच्या गटात २६.९ टक्के आणि तीन औषधांच्या गटात ६०.७ टक्के होते. हा फरक मोठा आहे, त्याने उपचार बदलले आणि पुढील वर्षांत आयुर्मानातही फायदा दिसला. तरीही बारकाईने वाचणाऱ्याला एक गोष्ट दिसते. बोर्टेझोमिबची आवर्तने दोन्ही गटांत आठच होती, म्हणजे सुमारे सहा महिने. त्यानंतर एका गटाला डॅराट्युमुमॅब चालू राहिले आणि दुसऱ्या गटाचा उपचार थांबला. त्यामुळे त्या फरकात तिसऱ्या औषधाचा वाटा किती आणि उपचार दीर्घकाळ चालू राहण्याचा वाटा किती, हे त्या एका ट्रायलवरून पूर्णपणे वेगळे करता येत नाही. संमतीपत्रातील वेळापत्रकाचे पान वाचताना दोन्ही गटांचा उपचार किती काळ चालणार हे शेजारी शेजारी लिहून पाहावे, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

तुलनेचा गट काळाबरोबर सरकतो, हेही ध्यानात ठेवावे. कॅस्टरमधील तीन औषधांची विजयी जोडणी काही वर्षांनी ड्रीम-७ या ट्रायलमध्ये स्वतःच तुलनेचा गट झाली. तेथे ४९४ रुग्णांत डॅराट्युमुमॅबच्या जागी बेलँटामॅब मॅफोडोटिन हे दुसरे औषध देऊन पाहिले आणि आजार न वाढता जाणाऱ्या काळाचा मध्यक (निम्म्या रुग्णांचा काळ ज्याहून जास्त असतो तो आकडा) १३.४ महिन्यांऐवजी ३६.६ महिने झाला. या निकालाआधी याच औषधाची एकट्याने दुसऱ्या उपचाराशी तुलना झाली होती आणि त्या ट्रायलचा मुख्य हेतू साध्य न झाल्यामुळे २०२२ मध्ये कंपनीने ते अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यास सुरुवात केली होती. एकटे अपुरे पडलेले औषध जोडणीत प्रभावी ठरू शकते, हा यातला आशेचा भाग. मात्र आपल्याला ज्या ट्रायलचे आमंत्रण आहे तिचा तुलनेचा गट आजच्या प्रचलित उपचाराच्या तोडीचा आहे, की तो पाच-सात वर्षांपूर्वीचा उपचार आहे, हे यामुळेच विचारायचे असते. ‘मी ट्रायलमध्ये गेलो नाही तर तुम्ही मला कोणता उपचार द्याल, आणि तो तुलनेच्या गटातील उपचारापेक्षा कमी आहे की जास्त?’ असा एकच प्रश्न डॉक्टरांना विचारला तरी निम्मे धुके विरते.

दोन वेगवेगळ्या ट्रायलचे आकडे शेजारी ठेवून कोणता उपचार चांगला हे ठरवण्याचा मोह सगळ्यांना होतो. पोलक्स या ट्रायलमध्ये डॅराट्युमुमॅब लेनालिडोमाइडबरोबर दिले होते, अपोलोमध्ये पोमॅलिडोमाइडबरोबर. पोलक्समध्ये वर्षाअखेर ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांचा आजार वाढलेला नव्हता, तर अपोलोमध्ये आजार न वाढता गेलेल्या काळाचा मध्यकच १२.४ महिने होता. यावरून पोमॅलिडोमाइडची जोडणी कमकुवत आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. पोलक्समध्ये लेनालिडोमाइडला दाद न देणाऱ्यांना प्रवेशच नव्हता; अपोलोमधील बहुतेकांचा आजार लेनालिडोमाइडला दाद देईनासा झालेला होता. आकड्यांतील फरकामागे औषधांइतकाच, कदाचित त्याहून जास्त, रुग्णांमधील फरक आहे. येथे पहिल्या पायरीवरचा आपला कागद उपयोगी पडतो : ज्यांच्यावरून आकडे आले ते रुग्ण आपल्यासारखे होते का, हे तोच कागद सांगतो.

पाचवी पायरी : यश कशाने मोजणार हे वाचणे

दाद किती मिळाली हे मोजण्याची मायलोमाची एक आंतरराष्ट्रीय रीत आहे. रक्तातील एम प्रथिन निम्म्याने किंवा अधिक उतरले तर अंशतः दाद, ९० टक्के किंवा अधिक उतरले तर अतिशय चांगली अंशतः दाद, आणि सूक्ष्म तपासणीतही ते सापडेनासे होऊन मज्जेतील प्लाझ्मा पेशी पाच टक्क्यांपेक्षा कमी झाल्या तर पूर्ण दाद म्हणतात. त्याही पलीकडे मज्जेत एक लाख पेशींमागे एकही कर्करोगाची पेशी सापडत नाही ना, हे तपासतात. अशा अवशिष्ट आजाराच्या तपासणीसाठी मज्जेचा पहिला उपसा लागतो; नंतरच्या उपशात रक्त मिसळून नमुना पातळ होतो. नमुना घेणाऱ्याला हे ठाऊक असतेच, पण त्या दिवशी अनेक नळ्या भरायच्या असतील तर कोणती आधी भरायची याची आठवण नम्रपणे करून द्यायला हरकत नाही. २०२४च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने ही तपासणी औषधांच्या जलद मंजुरीसाठी आधार मानावी, असे १२ विरुद्ध ० मतांनी सुचवले. त्यामुळे पुढच्या ट्रायलमध्ये ‘अवशिष्ट आजार’ हा शब्द अधिकाधिक भेटेल.

आजार न वाढता गेलेला काळ आणि एकूण आयुर्मान ही दोन वेगळी मापे आहेत. पहिले लवकर कळते म्हणून बहुतेक ट्रायलचा मुख्य निकष तेच असते. ‘धोक्याचे गुणोत्तर ०.३९’ असे वाचले तर त्याचा अर्थ, कोणत्याही एका क्षणी आजार वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका नव्या गटात दुसऱ्या गटाच्या ३९ टक्के होता, इतकाच घ्यावा. आयुष्य ६१ टक्क्यांनी वाढले असा त्याचा अर्थ नाही.

ही दोन मापे एकमेकांविरुद्धही जाऊ शकतात, आणि ज्याला ते एकदा समजले तो नंतर कोणताही निकाल अर्धवट वाचत नाही. बेलिनी या ट्रायलमध्ये आजार उलटलेल्या २९१ रुग्णांना बोर्टेझोमिब आणि डेक्सामेथासोन देण्यात आले. त्यांतील १९४ जणांना सोबत व्हेनेटोक्लॅक्स हे तिसरे औषध, तर ९७ जणांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी मिळाली. आजार न वाढता गेलेला काळ ११.५ महिन्यांवरून २२.४ महिन्यांवर गेला, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाला. तरीही २०१९च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला, कारण तोपर्यंत व्हेनेटोक्लॅक्सच्या गटात ४१ आणि दुसऱ्या गटात ११ मृत्यू झाले होते, टक्केवारीत २१.१ आणि ११.३. आजार दबला होता, पण जास्त माणसे गेली होती, आणि त्यांत जंतुसंसर्गाने गेलेल्यांचे प्रमाण लक्षणीय होते. ११व्या आणि १४व्या गुणसूत्रांत अदलाबदल असलेल्या रुग्णांत मात्र हे औषध उपयोगी दिसत होते, म्हणून पुढे फक्त अशाच रुग्णांत पोमॅलिडोमाइडशी त्याची तुलना करण्यात आली. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या त्या निकालात ठरलेला मुख्य निकष पूर्ण झाला नाही.

याआधी २०१७ मध्येही असेच घडले होते. पोमॅलिडोमाइड आणि डेक्सामेथासोनला पेंब्रोलिझुमॅब जोडून २४९ रुग्णांत तपासताना जोडलेल्या गटात २९ आणि दुसऱ्या गटात २१ मृत्यू दिसले, तेव्हा ट्रायल थांबवण्यात आली. पेंब्रोलिझुमॅब इतर अनेक कर्करोगांत मौल्यवान ठरलेले औषध आहे आणि पोमॅलिडोमाइडही उत्तम आहे. दोन चांगल्या औषधांची जोडी चांगलीच ठरेल असे गृहीत धरता येत नाही, आणि ते गृहीत धरता येत नाही म्हणूनच या ट्रायल कराव्या लागतात. त्या रुग्णांनी भाग घेतला म्हणून ही गोष्ट शेकड्यांत कळली. अन्यथा ती हजारोंत कळली असती. त्यांचे हे ऋण मला फार मोठे वाटते.

अशा वेळी ट्रायल थांबवण्याचा सल्ला देणारी एक स्वतंत्र समिती असते. ती संशोधकांपासून आणि कंपनीपासून वेगळी असते आणि ठरलेल्या काळाने दोन्ही गटांचे आकडे उघडून पाहते. आपल्या ट्रायलला अशी समिती आहे का आणि ती किती काळाने बसते, हे संमतीपत्रात नसेल तर विचारावे.

सहावी पायरी : त्रासांची बेरीज करणे

संमतीपत्रात प्रत्येक औषधाचे दुष्परिणाम वेगळ्या यादीत दिलेले असतात. शरीर मात्र त्यांची बेरीज अनुभवते. म्हणून यादी औषधानुसार वाचून झाली की ती अवयवानुसार पुन्हा लिहावी. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोणकोणती औषधे कमी करतात? मुंग्या, बधिरपणा कशाने येतो? बोर्टेझोमिबमुळे तळपायांची आग किंवा बोटांत मुंग्या येऊ शकतात. शिरेतून देण्याऐवजी कातडीखाली दिल्यास हे प्रमाण कमी होते, हे २०११ मध्ये २२२ रुग्णांच्या तुलनेत दिसले होते. ज्यांच्या पायांत आधीच बधिरपणा आहे त्यांनी बोर्टेझोमिब असलेल्या गटाविषयी विशेष विचारावे. बोर्टेझोमिबच्याच कुळातील कारफिल्झोमिब असेल तर रक्तदाब आणि हृदय यांची तपासणी आधी व्हावी. लेनालिडोमाइड आणि पोमॅलिडोमाइड यांच्यामुळे शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून सोबत अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध देतात. ही दोन्ही औषधे थॅलिडोमाइडच्या कुळातील असल्यामुळे गर्भाला गंभीर व्यंग येऊ शकते आणि त्याविषयीचे कडक नियम पुरुष रुग्णांनाही लागू असतात. बेलँटामॅबमुळे डोळ्यांच्या पारपटलावर परिणाम होऊन दृष्टी धूसर होते. ड्रीम-७ मध्ये हा त्रास दहापैकी जवळजवळ आठ जणांना झाला, म्हणून मात्रेआधी नेत्रतज्ज्ञाची तपासणी लागते. अनेक जोडण्यांत नागीण उठू नये म्हणून असायक्लोव्हिर चालू ठेवतात. ते ‘जास्तीची गोळी’ म्हणून घरी बंद करू नये.

डॅराट्युमुमॅबविषयी एक बाब घरातल्या सर्वांना ठाऊक असावी. ते तांबड्या पेशींनाही चिकटते, त्यामुळे रक्त चढवण्यापूर्वीची जुळवणीची तपासणी फसवा निकाल देते आणि हा परिणाम शेवटच्या मात्रेनंतर सहा महिन्यांपर्यंत राहू शकतो. म्हणून पहिल्या मात्रेआधीच रक्तगटाची सविस्तर तपासणी करून तिचे कार्ड पाकिटात ठेवावे. अपघाताने दुसऱ्याच रुग्णालयात जावे लागले तर ते कार्ड तेथील रक्तपेढीचा मौल्यवान वेळ वाचवते.

मात्रा जास्त म्हणजे परिणाम जास्त, ही समजूत सोडून द्यावी. लेनालिडोमाइडबरोबर डेक्सामेथासोन किती द्यावे, हे नव्याने निदान झालेल्या ४४५ रुग्णांत तपासले गेले. एका गटाला महिन्याला ४८० मिलिग्रॅम, दुसऱ्याला आठवड्यातून एकदा ४०, म्हणजे महिन्याला १६० मिलिग्रॅम मिळाले. जास्त मात्रेने दाद जास्त जणांत मिळाली, पण वर्षाअखेर जिवंत असलेल्यांचे प्रमाण जास्त मात्रेच्या गटात ८७ टक्के आणि कमी मात्रेच्या गटात ९६ टक्के होते. आज डेक्सामेथासोन बहुधा आठवड्यातून एकदाच देतात, त्यामागे ही तुलना आहे. तेव्हा त्रास होऊ लागला आणि डॉक्टरांनी मात्रा घटवली, तर उपचार ‘कमी पडला’ असे वाटून घेऊ नये. उलट त्रास लपवणे घातक ठरते. स्टेरॉइडच्या रात्री झोप न लागणे, साखर वाढणे, चिडचिड होणे हे किरकोळ वाटले तरी सांगावे आणि ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट पाहू नये. दुष्परिणामांना एक ते पाच असे दर्जे देतात; तिसरा दर्जा गंभीर, चौथा जिवावर बेतणारा आणि पाचवा म्हणजे मृत्यू. आधीच्या टप्प्यातील अहवालात तिसऱ्या आणि चौथ्या दर्जाचे आकडे शोधावेत, कारण एकूण टक्केवारीत साधी मळमळही मोजलेली असते.

सातवी पायरी : प्रवेशाच्या तपासण्या

संमतीपत्रावर सही झाली म्हणजे प्रवेश मिळाला असे होत नाही. त्यानंतर सुमारे तीन-चार आठवड्यांच्या आत रक्त, चोवीस तासांची लघवी, मज्जेचा नमुना, हाडांचे स्कॅन आणि हृदयाची तपासणी पूर्ण करायची असते. आजार मोजता येण्याजोगा असावा लागतो. अनेक ट्रायलमध्ये रक्तातील एम प्रथिन डेसिलिटरमागे किमान अर्धा किंवा एक ग्रॅम, किंवा लघवीत चोवीस तासांत २०० मिलिग्रॅम असावे अशी अट असते. आधीचे औषध थांबवून ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात, आणि हा काळ अनेकांना सर्वांत कठीण जातो : आजार वाढतो आहे हे माहीत असते आणि हातात औषध नसते. या काळात दुखणे, कॅल्शियम किंवा मूत्रपिंड बिघडले तर काय करायचे, हे आधीच ठरवून लिहून घ्यावे.

घरी चालू असलेली प्रत्येक गोळी, काढा आणि पूरक पदार्थ या वेळी सांगावा. ग्रीन टीमधील एक घटक प्रयोगशाळेत बोर्टेझोमिबला चिकटून त्याचा परिणाम रोखतो असे दिसले आहे. निरुपद्रवी वाटणारी गोष्ट निरुपद्रवी असेलच असे नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे. तपासणीत बसलो नाही तर कारण विचारून घ्यावे. प्लेटलेट थोड्या कमी असल्यामुळे नकार मिळाला असेल, तर काही ट्रायलमध्ये तपासणी पुन्हा करता येते.

आठवी पायरी : सही करण्यापूर्वी आणि बाहेर पडताना

संमतीपत्र घरी नेऊन वाचण्याचा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवण्याचा आणि नंतर निर्णय कळवण्याचा हक्क रुग्णाला आहे. वाचताना पेन्सिल हाताशी ठेवावी. कोणती तपासणी आणि कोणते औषध ट्रायल पुरवते आणि कोणते आपल्याला स्वतःच्या खर्चाने घ्यावे लागते, इजा झाल्यास उपचार कोण करणार, नमुने पुढील संशोधनासाठी ठेवले जाणार का, आणि ट्रायल संपल्यावर ज्याला औषध लागू पडले आहे त्याला ते पुढे मिळत राहील का, या चार जागी खूण करावी. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा मोघम असते. ते मोघम राहू देऊ नये. पहिल्या दोन महिन्यांतील भेटींचे वेळापत्रकही कॅलेंडरवर मांडून पाहावे. आठवड्याला दोन भेटी कागदावर सोप्या वाटतात, पण त्या पार पाडणारा माणूस बहुधा दुसराच कोणीतरी असतो आणि त्याला विचारलेलेही नसते.

कोणत्याही क्षणी, कारण न देता, ट्रायलमधून बाहेर पडता येते आणि त्यामुळे पुढील उपचार नाकारता येत नाहीत. आजार वाढला तर ट्रायलचे औषध थांबते. एम प्रथिन सर्वांत खालच्या पातळीपासून २५ टक्क्यांनी आणि किमान अर्ध्या ग्रॅमने वाढले, की तो आजार वाढल्याचा निकष मानतात आणि खात्रीसाठी तपासणी पुन्हा करतात. डॅराट्युमुमॅब स्वतःच त्या तपासणीत एक फिकट पट्टी म्हणून दिसू शकते, त्यामुळे एकाच अहवालाने घाबरून जाऊ नये.

बाहेर पडताना कोणती औषधे, कोणत्या मात्रेने, किती आवर्तने मिळाली आणि कोणता त्रास कोणत्या दर्जाचा झाला, याचा लेखी गोषवारा मागून घ्यावा. आंधळ्या पद्धतीच्या, म्हणजे कोणाला काय मिळते हे रुग्णापासून लपवलेल्या ट्रायलमध्ये आपण कोणत्या गटात होतो हे लगेच सांगता येत नसेल, तर ते केव्हा आणि कोणाकडून कळेल हे लिहून घ्यावे. मग पहिल्या पायरीवर तयार केलेला तो कागद काढून त्यावर नवी ओळ लिहावी : औषधांची नावे, सुरू झाल्याची तारीख, थांबल्याची तारीख आणि थांबण्याचे कारण. पुढच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न त्या ओळीविषयीच असेल.